काडेपेटी

उसाला तुरे येऊन वजन घटायला लागलं, तरी सिंधुबाईच्या फडावर तोडणीची टोळी फिरकली नव्हती. हार्वेस्टर बिघडलेलं, ट्रक जादा भाड्यासाठी गुजरातेत गेलेले, मजुरांना मजुरीवर द्यायची वरखुशी आठवड्यागणिक चढत चाललेली. मुकादमाचं उत्तर ठरलेलं, “गाड्याच नही शेतस, मावशी.” पण जळीत ऊस कारखान्याला आधी न्यावा लागतो, भाव कापून का होईना, हे सगळ्या तापीकाठाला ठाऊक होतं. तिने देव्हाऱ्यातली काडेपेटी आणली, फडाला हात जोडले आणि काडी ओढली. पाचट धडधडून पेटलं तसा तिने मुकादमाला फोन लावला. “मन्हा ऊस जयना. आते तरी गाडी धाड.” “मावशी, आते जयेल ऊसनीबी यादी शे. हप्ता लागी.” आठवडाभरात रस आंबणार होता. इतक्यात शेजारचा धुडकू बांध ओलांडून धावत आला. “वहिनी, मालेबी काडेपेटी दे.” सिंधुबाईने ती जाळात भिरकावली.