बाबांचे कान

निवृत्तीनंतर आईबाबा नव्या सोसायटीत राहायला गेले. सेक्रेटरीपद बाबांच्या गळ्यात पडू नये म्हणून आईने पहिल्याच दिवशी शेजारीपाजारी सांगून टाकलं, "यांना अजिबात ऐकू येत नाही हो."

मागच्या आठवड्यात आई गेली. भेटायला आलेला प्रत्येक जण बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांत्वन करत होता. समोरच्या काकांनी तर मोठ्या अक्षरांत लिहूनच आणलं होतं, 'वहिनी फार प्रेमळ होत्या.'

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, आता तरी खरं सांगून टाका."

जन्मभर आईचं प्रत्येक वाक्य खोडून काढणाऱ्या बाबांनी आधी दार लावून घेतलं.


"अगं, ती जाऊन आठवडा नाही झाला, आणि तिला चारचौघांत खोटं पाडू?"