लिंबू शेवटी

"सुरी नको लावूस. पानं हाताने खुड," फोनवरून आई म्हणाली.

"हातानेच खुडतेय." लेकीने फोन स्पीकरवर टाकून मिठाच्या डब्याला टेकवला होता. समोर पार्सलीची जुडी, मूठभर पुदिना, चार लसूणपाकळ्या. आईचा हिरवा साल्सा, म्हणजे पातळ चटणीच. उकडलेल्या बटाट्यांवर तो ओतला की घरात हमखास भांडण व्हायचं, वाडग्याला शेवटचं बोट कुणी लावायचं यावरून.

खिडकीबाहेर कुठेतरी सुऱ्यांना धार लावणाऱ्याची घंटा वाजली. आई बोलता बोलता थांबली. लेकीने उठून खिडकी लावून घेतली आणि पडदाही नीट ओढला.

"जुडी कशाने बांधलीय?" आईने विचारलं.

"लाल लोकरीने. का गं?"

"काही नाही. सोडून ठेव, नाहीतर जायची वाटणात."

आई शिवणकाम करणारी. दोऱ्याची चौकशी केल्याशिवाय तिला करमत नसे.

दोन वर्षं मायलेकींची भेट नव्हती. नोकरीसाठी समुद्रापार निघताना लेकीने चार नातेवाइकांसमोर ऐकवलं होतं, "काहीतरी बनून दाखवीन, तोवर या घराचा उंबरा चढणार नाही." आईने तेव्हा नुसता डबा भरून दिला होता. सुरुवातीला फोन आठवड्यातून एकदा व्हायचा. गेले पाच महिने तो रोज होत होता, आणि तरी लेकीचं मन भरत नव्हतं. आईच्या अंगाला येणारा खडूचा आणि गरम इस्त्रीचा वास काही फोनमधून येत नाही.

"तुझ्याकडे किती वाजले गं?"

"रात्रीचे दोन."

"आणि साल्सा करतेयस! भुतंसुद्धा झोपली असतील." आई हसली. "लसूण मिठात ठेच. तेल बेताने."

लेक ठेचू लागली. हिरवा, उग्र वास नाकात शिरला.

"परवा भाजी घेताना एक मुलगी दिसली, पाठमोरी," आई म्हणाली. "अगदी तुझी चण. हाक मारणार होते."

लेकीच्या हातातला बत्ता थांबला. "मग?"

"नाही मारली. उगाच बिचारीची पंचाईत."

लेकीने फोन जवळ ओढला. "आई, मला तुझी फार आठवण येते."

"येते तर ये की."

"रजा नाही मिळत."

"बरं," आई म्हणाली. "आता लिंबू. ते शेवटी, नाहीतर पानं काळी पडतात."

लेकीने टोपली चाचपली. एक कांदा आणि आल्याचा वाळका तुकडा. "लिंबूच नाही. आणि या वेळी दुकान कुठलं उघडं असायला?"

"मग तो साल्सा कसला, नुसता पाला! झाकून ठेव. आणि फोन चालू राहू दे."

पलीकडे चपला वाजल्या, दार ओढल्याचा आवाज झाला. धार लावणाऱ्याची घंटा पुन्हा ऐकू आली, या वेळी फोनमधून, अगदी जवळून.

"बाहेर पडलीस?"

"भाजीवालीपर्यंत."

वाडगा झाकून झाला, ओटा पुसून झाला. लेकीने बोट बुडवून चाखलं. मीठ बरोबर, लसूण बरोबर. तरी काहीतरी राहिलंच होतं, आणि ते लिंबू नव्हे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने डोळे बाहीला पुसले.

फोनमधून आईची धाप ऐकू येऊ लागली.

"काय करतेयस?"

"जिना चढतेय. गुडघे बोलायला लागलेत मेले."

"हळू चढ. घाई कसली आहे?"

"आहे थोडी."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. लेक दचकली. "थांब हं आई, कुणीतरी आलंय."

"रात्रीच्या दोनला?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज फोनमधून आला तसाच दारापलीकडूनही आला. "उघड. लाल लोकरीने जुड्या बांधणाऱ्या भाजीवालीनेच घर दाखवलं. लिंबू आणलंय."