तीन सालांचं शिक्षण

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकून रंगनाथ डॉक्टर जुन्या जालन्यात परतले आणि दारावर भली थोरली पाटी लावून बसले. पहिलीच रोगी आली गोजरबाई. पाठीवर लिंबाएवढं गळू, अंगात ताप फणफणलेला.

"डॉक्टरसाहेब, अशी कापाकापी लई केली असंल तिथं?" तिच्या मुलानं, रखमाजीनं विचारलं.

"चारशे ऑपरेशनांत मोठ्या साहेबांच्या शेजारी उभा होतो."

"ते बराबर. पण सुरी कोण चालवायचं?"

"साहेब."

"मंग तुम्ही?"

डॉक्टरांनी सुरी तीनदा उचलली, तीनदा खाली ठेवली. गोजरबाई कण्हत राहिली. शेवटी रखमाजी उठला आणि गल्लीच्या तोंडाशी दाढ्या करणाऱ्या निजामोद्दीन हजामाला घेऊन आला.

निजामोद्दीननं हात धुतले, डॉक्टरांचीच सुरी घेतली आणि गळूवर टेकवली. तोच त्याच्या कपाळावरून मऊ फडकं फिरलं. डॉक्टर त्याचा घाम टिपत होते, एक थेंबही खाली पडू न देता.

गळू फुटलं. गोजरबाईनं सुटकेचा श्वास सोडला.

"डॉक्टरसाब," सुरी पुसत निजामोद्दीन म्हणाला, "काम बिलकुल पक्कं शिकून आलात."