लाल टोप्यांच्या गर्दीत

मुळा धरणाच्या काठावर दोनशे लाल टोप्या शिट्टीची वाट पाहत होत्या. त्यांत सुप्याच्या कारखान्यात काम करणारी दिपाली होती. लहानपणी मीच तिला विहिरीत पोहायला शिकवलं. पोहणं, सायकल आणि धावणं अशा याच तिहेरी शर्यतीत गेल्या वर्षी ती गर्दीला भिऊन नावेतून परत आली होती.

"कडेकडेनं जा. कुणी अंगावर आलं तर उताणी हो आणि श्वास घे," मी म्हणालो.

"व्हय गुरुजी, शंभरदा सांगितलं तुमी!"

शिट्टी झाली. हातापायांनी पाणी ढवळून निघालं आणि त्या घोळक्याखाली दिपाली दिसेनाशी झाली. मी काठावरच रिकाम्या मुठी आवळून उभा राहिलो.

मग घोळक्यापासून दहा हात लांब ती उताणी तरंगताना दिसली. जरा वेळानं पालथी झाली आणि संथपणे पोहू लागली.

ती शेवटून तिसरी आली, पण पोहत आली. सायकलीकडे पळताना हसत माझ्यापाशी थांबली.

"गुरुजी, विहिरीत शिकवताना वढायचे तसा दोर कशाला वढला? मी काय आता ल्हान हाय व्हय?"

"कसला दोर गं?"

तिच्या ओल्या कपड्यांवर, कमरेभोवती, काथ्याचे तंतू चिकटले होते.

"जा, सायकल गाठ," मी म्हणालो, आणि सोललेले तळहात पाठीमागे लपवले.