दुसरा नमस्कार

रविवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकघरात मालिकेचा पहिला भाग पुन्हा लागणार होता. जमीन खालून तापवलेली, मधोमध उकडलेल्या रताळ्यांचं पातेलं, आणि टीव्हीचा आवाज असा की अर्ध्या गावाला घरी बसून ऐकता आलं असतं. माहेरच्या गावावरून जिला सगळे यंगसानवाली म्हणत, ती दाराजवळ टेकली. आपण रताळ्यांसाठी आलोय, असं तिने आल्या आल्याच सांगून टाकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा ग्युहान या मालिकेत होता. नट म्हणायचं आपलं. आजवर त्याचा चेहरा ओळखू येईल इतका वेळ पडद्यावर कधी टिकला नव्हता. आई फोन घेत नाही म्हणून त्याने शेजारच्या मोकगोलवालीला कळवलं होतं: राजपुत्र जन्मतो तेव्हा राजवाड्याच्या अंगणात लोक वाकतात, त्यात तिसऱ्या रांगेत मी आहे, दाढी लावलेला.

त्या राजपुत्रावर यंगसानवालीचा वर्षभर राग होता. गेल्या हिवाळ्यात ग्युहानच्या बापाला मातीत ठेवलं, त्याच दिवशी या राजपुत्राच्या जन्माचं शूटिंग होतं. शेकडो माणसं उभी केली आहेत, राजवाडा एकाच दिवसापुरता मिळालाय, मधून कुणाला सोडत नाहीत, असं तो फोनवर म्हणाला होता. तो गावात पोचला तेव्हा मातीवर बर्फ साचलं होतं. शवपेटीमागे सगळ्यांत पुढे मुलगा चालतो, तिथे पुतण्या चालला. तेव्हापासून तिने ग्युहानशी बोलणं टाकलं.

आता गुरुवारी वर्षश्राद्ध होतं. दारूचा पहिला प्याला मुलाने वाहायचा असतो. तोही यंदा पुतण्यानेच वाहावा, असं थोरल्या दिरांचं, म्हणजे त्या पुतण्याच्या बापाचं म्हणणं होतं. यंगसानवाली हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. आज काय ते सांगा, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

दीर टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसले होते. ऐतिहासिक मालिका ते चुका काढण्यासाठीच बघत. या राजाच्या काळात असली टोपी नव्हती, त्या बाईच्या अंबाड्यात ती पिन कशी आली, असं त्यांचं चालू असे. घराण्यातल्या सगळ्या पोरांना नमस्कार कसा करायचा ते त्यांनीच शिकवलं होतं, हातात छडी घेऊन.

पहिल्या भागात असतं ते सगळं येऊन गेलं. एक भविष्यवाणी झाली, विषाची एक वाटी सांडली, दरबारी एकमेकांच्या कानाला लागले. मग राणीच्या महालातून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि अंगणात जमलेली सगळी माणसं एकदम जमिनीवर वाकली. थंडी खरी असावी, कारण सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. माणसं उठली. तिसऱ्या रांगेतला एक उठला आणि पुन्हा खाली वाकला.

मोकगोलवालीला हसू आवरेना. "याला आता पुरे म्हणून सांगायचं राहिलं वाटतं."

बायका हसल्या. दिरांनी बोट वर केलं. "थांबा, हसताय काय, पुढे बघा. हात बघा त्याचे. उजवा वर ठेवलाय. बाळ जन्मलंय की मेलंय? पुरुषाचा डावा हात वर असतो. उजवा वर घेतात तो घरात सुतक असलं की. आणि जिवंत माणसापुढे एकदा वाकतात. दोनदा वाकतात ते मेलेल्यापुढे. कुठून धरून आणतात ही माणसं? याला शिकवलं तरी कुणी?"

मोकगोलवालीचं हसणं थांबलं होतं. ती दाराकडे बघायचं टाळत हळूच म्हणाली, "भाऊजी, तो आपला ग्युहान आहे."

दिरांचं बोट तसंच वर राहिलं. पडद्यावरचं बाळ रडत होतं. ग्युहान एवढासा होता तेव्हापासून त्याला त्यांनीच अंगणात उभं करून वाकायला लावलं होतं, कुठला हात कधी वर ते बोटांना आपोआप कळेपर्यंत. सगळ्या घराण्यात त्याच्यासारखा नमस्कार कुणाचा नव्हता. हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. तो चुकेल, हे शक्य नव्हतं.

यंगसानवालीच्या हातात अर्धवट सोललेलं रताळं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. वर्षभर तिने पोराला शिव्या घातल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा तिला तो त्या गर्दीत, दाढी लावून, एकटा दिसला. तिला त्याची फार दया आली. मग आपलीही आली.

मालिका पुढे गेली. राजपुत्राला रेशमात गुंडाळलं. दिरांनी हात मांडीवर ठेवले आणि घसा साफ केला.

"गुरुवारचं काय ठरवलंत?" त्यांनी टीव्हीकडे बघतच विचारलं.

"पहिला प्याला ग्युहान वाहील."

"मी काही माझ्या पोरासाठी म्हणत नाही, ग्युहानची आई. पण रीत असते. बापाला मातीत ठेवताना जो आला नाही, त्याने..."

"आला होता," ती म्हणाली. "आत्ता तुम्हीच तर दाखवलात."