रिटर्न

मोबाइल शेवेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात कोरियाची सिरियल चालली होती, बोलणं मात्र सगळं हिंदीत. कुंदाबाई आणि तिची मुलगी ऋतिका भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता बघत होत्या. एका कोवळ्या शिपायाला वरचे शिपाई रोज बदडायचे. शेवटी तो पलटणीतून पळाला, आणि आता दोघं जण त्याला धरून न्यायला त्याच्या आईच्या दारात उभे होते.

"वो यहाँ नहीं आया," ती आई म्हणाली. पोरगा तिच्या मागच्याच खोलीत होता.

कुंदाबाईने पदर डोळ्यांना लावला. "माय ऱ्हावी ते आशी."

खाटेवर तिचा तेजस पालथा पडला होता. सैन्यभरतीची तयारी करायला धुळ्याला, देवपुरातल्या एका अकॅडमीत गेलेला. सकाळी अचानक आला, सुटी आहे म्हणाला. एवढ्या उकाड्यात अंगातला शर्ट काही काढेना, तेव्हा तिनेच तो वर केला. पाठभर पट्ट्याचे वळ. जुन्यांवर नवे.

"सिनिअर मारतस. माय, माले परत धाडू नको."

नाही धाडत, असं तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. तेव्हा मनापासूनच सांगितलं होतं.

दारात मोटारसायकल थांबली. तेजस ताडकन उठून मागच्या खोलीत गेला. बारीक केसांची दोन तरणी पोरं उतरली आणि वाकून कुंदाबाईच्या पाया पडली. संस्कार बघावेत तर असे!

"काकू, तेजस आलाय का? अकॅडमीत सगळे काळजीत आहेत हो."

कुंदाबाईच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. पण समोरच्या ओट्यावर तानुबाई बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा मुलगा भटू. चार वर्षांपूर्वी तो असाच भरतीच्या अकॅडमीतून पळून आला होता. तेव्हापासून गाव त्याला रिटर्न म्हणतं. रेशनच्या रांगेत रिटर्न, पंगतीत रिटर्न. मुलगी द्यायला कुणी तयार नाही. आणि तेजसला तर गावाने गुलाल लावून, डीजे वाजवत स्टँडपर्यंत पोचवलं होतं. 'भावी जवान' म्हणून त्याचा फ्लेक्स अजून पारावर होता.

"काय वं कुंदा," तानुबाईने तिथूनच विचारलं, "तुन्हा बी रिटर्न ऊना का?"

"सुटीवर ऊना शे तो!" कुंदाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. मग त्या पोरांकडे वळून म्हणाली, "मझार खोलीमा शे. या ना, चहा ल्या."

ऋतिकाने मोबाइल पालथा घातला.

पोरांनी चहा पिऊन मसाल्याची तारीफ केली. तेजस बाहेर येऊन खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत राहिला. कुंदाबाईने त्याच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबले.

निघताना तो रीतीप्रमाणे आईच्या पाया पडायला वाकला, तसा शर्ट पाठीवरून वर सरकला. तानुबाई मान उंच करून बघतच होती. कुंदाबाईने एक हात लेकाच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो शर्ट चटकन खाली ओढला.