कोमट पाण्यातलं पेन

डेस्मंडच्या आईचं जुनं शाईपेन आतली शाई वाळून बंद पडलं होतं. शनिवारी त्याच्या लेकीला चर्चमध्ये त्याच पेनानं लग्नाची सही करायची होती. त्यानं नेटवर पेनवाल्यांचा कट्टा धुंडाळला. हजारो पोस्टी टाकलेला एक बहाद्दर अशाच पेनाबद्दल सांगत होता, "रात्रभर कोमट पाण्यात ठेवा." खाली कुणीतरी लिहिलं होतं, "हे पेन दुधापासून केलेल्या प्लॅस्टिकचं. पाण्यात माझं फुगून फुटलं." "याची ही पहिलीच पोस्ट," डेस्मंड म्हणाला. "याचं कोण ऐकणार?" "ज्याचं फुटलं त्याचं ऐक की," बायको म्हणाली. त्यानं चहाच्या मगात कोमट पाणी घेऊन पेन बुडवलं. सकाळी ते फुगून तडकलं होतं. बायकोनं चहाचा मग विसळला. तणतणत त्यानं कट्ट्यावर नाव नोंदवून लिहिलं, "पाण्यात घालू नका, माझं फुटलं." बहाद्दराचं उत्तर लगेच आलं, "तुमची ही पहिलीच पोस्ट. तुमचं कोण ऐकणार?"